चालू लागला तर आमचा

नेवासा,
१३ सप्टेंबर १९७१

चांगुणा,

पत्राच्या डोक्यावर 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहायची रीत आहे. पण परवा तू तुझं सौभाग्य बैलगाडीत घालून माझ्या दारात उतरवून गेलीस. तेव्हा ते शब्द आता तुझ्या नावामागे लावायचे की माझ्या, हे ठरेपर्यंत मी जागा कोरी सोडते.

पुंजाराम, हे पत्र तूच बहिणीला वाचून दाखवणार, कारण चांगुणाला अक्षर लागत नाही. तर मोठ्याने वाच, आणि तुझ्याबद्दल काही आलं म्हणून गाळू नकोस. मी चौथीच्या पोरांकडून रोज वाचून घेते. गाळलेली ओळ मला इथे बसून कळते.

गहिनीनाथ जिवंत आहे. हो, नाव घेतलं. नवऱ्याचं नाव घेऊ नये ही बंदी नांदत्या बायकांना. मला त्याने घोडेगावच्या भर बैलबाजारात, चार व्यापाऱ्यांसमोर, "भाकड जनावर दावणीला कशाला बांधायचं" असं म्हणून हाकललं, तेव्हाच माझ्यावरची बंदी उठली. मी सातवी फायनल झालेली होते म्हणून निभावलं. ट्रेनिंग केलं, इथे मास्तरीण झाले, आणि तिकडे त्याच्या घरात तू आलीस. भाकड मी होते, तर तुझ्या घरी इतक्या वर्षांत पाळणा का हलला नाही, हे मी विचारणार नाही. वाच, पुंजाराम, थांबू नकोस.

तुम्ही काय बोललात ते मी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी फिरायला नको. तू म्हणालीस, "बाजारात सौदा करता करता खाली बसलं. आंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा बी गेली." मी म्हटलं, मग दवाखान्यात न्यायचं होतं. त्यावर तुझा भाऊ म्हणाला, "दवाखाना काय करतोय? तीन दिस आमी बघितलं. उटायचं चिन्ह न्हाई." आणि जाताना गाडीत चढून म्हणाला, "चालाय लागलं तर आमचं, आमी न्यायला येऊ. न्हाई तर पयलं कुंकू तुमचंच हाय."

ही रीत तुमची नव्हे, त्याचीच आहे. मी त्याच्या संसारात होते तेव्हा डोळ्यांनी पाहिली आहे. बाजारात बैल खाली बसला की तो तीन दिवस वाट बघायचा. मग बैलाच्या तोंडापासून हातभर लांब हिरवा चारा धरायचा. बैलाने चाऱ्यासाठी अंग उचलायची खटपट केली तर ठेवायचा, नाही केली तर खाटकाच्या हवाली. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि त्या गोष्टीची त्याला केवढी घमेंड होती! आता तुम्ही तीच फूटपट्टी त्यालाच लावली.

मी त्याला ठेवून घेतलं आहे. दया आली म्हणून नव्हे. गाडीभोवती माणसं जमली होती, त्यात माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप होते.

रतन


नेवासा,
४ ऑक्टोबर १९७१

चांगुणा,

पुंजारामचं कार्ड मिळालं. 'तब्येत कशी आहे, चालतील काय' एवढंच लिहिलंय. त्याचं अक्षर सुधारलं आहे.

तुम्ही त्याला पाठीवर निजवून ठेवलंत, कूस बदलली नाहीत. पाठीवर दोन ठिकाणी कातडी गेली आहे. ती मी सकाळ-संध्याकाळ धुते. तो त्या वेळी डाव्या हाताने माझं मनगट धरतो आणि तोंडातून एकच आवाज काढतो, 'बा, बा, बा'. पाणी हवं तरी तेच, राग आला तरी तेच. बाजारात ज्याच्या आवाजावर चार माणसं गप्प व्हायची, त्याची आता ही भाषा. मला वाईट वाटलं असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस. पहिल्या रात्री मी पोटभर जेवले.

दसऱ्याच्या आधी एका ओळखीच्या जीपमधून त्याला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी त्याला बाकाच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडून, मागे टेका न देता, आणि आपण दोन पावलं मागे सरकून नुसते बघत राहिले. मग उजव्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "गुडघा ताठ करा." मग उठून हात धुतले. मी विचारलं, "चालेल का?" मला म्हणाले, "बाई, मन घट्ट करा."

यापुढचं काय लिहायचं? शहाण्याला तेवढ्यात कळतं. तुमचा तीन दिवसांचा अंदाज बरोबरच होता म्हणायचा.

तेव्हा न्यायला यायची घाई करू नका. गाडीला बैल जुंपायचे कष्ट कशाला?

रतन


नेवासा,
२६ ऑक्टोबर १९७१

चांगुणा,

भाऊबीजेला तू माहेरी, देवळालीतच होतीस, हे पुंजारामच्या पत्रावरून कळलं. घोडेगावच्या घराला कुलूप लावलंस ते बरं केलंस. एकट्या बाईने रिकाम्या घरात आणि रिकाम्या दावणीशी काय करायचं? हे मला बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं, मी तुला सांगते आहे.

इथलं म्हणशील तर तसंच आहे. परवा तो उंबऱ्यात बसून रस्त्यावरून जाणारे बैल बघत होता. म्हणजे मी बसवलं होतं, मागे दोन उशा लावून. नाही तर कलंडतो. कुणी तुम्हाला येऊन सांगितलं असेल की गहिनीनाथ बसलेला दिसला, तर उशांचंही त्यांनी सांगायला हवं होतं.

आता पुंजारामने शेवटी बारीक अक्षरात जे लिहिलंय त्याकडे येते. देवळालीतले काकासाहेब. बायको वारून वर्ष झालं, ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, आणि त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं आहे. "पर दाजी जिते हायेत, तवा पाट कसा लागंल," असं पुंजाराम मला विचारतो! मला! सवतीचा पाट लावायचा मुहूर्त सवतीने काढून द्यायचा. हसू आलं, पण प्रश्न बरोबर जागी विचारला आहे त्याने.

चांगुणा, तुझं वय तिशीचं. तुला मी शिव्या घातल्या, यापुढेही घालीन, पण लाकडाच्या ओंडक्याशी बांधून राहा असं तुला मी सांगणार नाही. तू ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्याने तुला जनावर पारखायला शिकवलंय ना? मग पारख आणि ठरव.

येण्याआधी कार्ड टाक. शाळा असते, मी घरी असले पाहिजे.

रतन


नेवासा,
१९ डिसेंबर १९७१

चांगुणा,

तू गेल्यापासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणत होते. तू नीट पोचलीस ना? स्टँडपर्यंत रडत गेलीस, असं दारासमोरच्या बनुबाईने सांगितलं. मी म्हटलं, रडू दे, तिचा नवरा आहे.

खरं सांगते, तू आलीस तेव्हा नेसलेलं लुगडं पाहूनच माझा जीव जळला. हिरवं होतं. त्याच्या आवडीचं. त्याने तुला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. मी तीन महिने त्याचं सगळं काढते, आंघोळ घालते, घास भरवते. मला पाहून तो एकदाही तसा हसला नव्हता.

आणि मग तू ते केलंस. पिशवीतून गुळाची पोळी काढलीस. बाजेपासून हातभर लांब उभी राहिलीस, आणि पोळी पुढे धरलीस. मला क्षणभर कळेना काय चाललंय. मग कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी इतकी वर्षं तुझ्यावर दात धरून आहे, पण हे मला सुचलं नसतं.

"घ्या की वो, मालक," तू म्हणत होतीस. "तुमच्यासाठनं केलीया. उटा. उटा की वो. येवढं एक डाव उटा."

तो उठला नाही. मान उचलली, मान पडली. पुन्हा उचलली. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. 'बा, बा' करत राहिला. तू किती वेळ हात लांब धरून उभी होतीस! हात भरून आला तरी धरला होतास. मग पोळी उशाशी ठेवलीस, त्याच्या पायांना हात लावलास आणि म्हणालीस, "व्हय आक्का, खरं हाय तुमचं. न्हाई उटायचं ह्ये."

ती पोळी त्याने खाल्ली नाही. मी दुसऱ्या दिवशी गाईला घातली.

तर आता उगीच लांबण लावू नका. पंच बोलवा आणि काडीमोड करून घ्या. त्याला तिथवर आणायची गरज नाही. आपल्यात पूर्वीही झालेलं आहे, माणूस अंथरुणाला खिळला असला की त्याचं उपरणं पंचांपुढे ठेवतात आणि घरातलं थोरलं माणूस त्याच्या वतीने रुकार देतं. घरातलं थोरलं माणूस मी आहे. उपरणं या पत्रासोबत पार्सल केलं आहे. तेच, ज्याच्याखाली हात घालून तो बाजारात व्यापाऱ्यांशी बोटांवर गुपचूप भाव करायचा. माझा रुकार आहे असं पुंजारामने पंचांना सांगावं. हवं तर हे पत्रच दाखवा.

काडी मोडताना हात कापू देऊ नकोस. एकदाच मोडायची असते.

रतन


नेवासा,
५ मार्च १९७२

सौ. चांगुणाबाई काकासाहेब,

पाहिलंस? आता 'सौ.' लिहिलं. कुणाची ते ठरलं ना.

पाट झाल्याचं कार्ड मिळालं. काकासाहेब स्वभावाने शांत आहेत, तुला नवं जोडवं केलं, हे सगळं वाचलं. मी महिनाभर थांबले. पाट लागला की महिन्याभरात माणूस नव्या घरात रुळतो, परतायला वाट उरत नाही. आता उरली नसेल. आता ऐक. पुंजाराम, खाली बैस आणि मग वाच. तुझं घर असेल तर दार लावून घे.

गहिनीनाथ चालतो.

काठी घेऊन, उजवा पाय जरा बाहेरून फिरवत, पण स्वतःच्या पायावर चालतो. माझ्या घरापासून शाळेपर्यंत जातो आणि येतो. त्याला कुणी धरत नाही.

नगरचे डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला अर्धं लिहिलं होतं. उरलेलं असं. ते म्हणाले, "बाई, मन घट्ट करा, वर्षभर कष्ट आहेत. पण हा चालणार. हात सांगता येत नाही, बोलणं फारसं येणार नाही. चालणार मात्र नक्की." मी विचारलं, तुम्हाला आत्ताच कसं कळलं? ते म्हणाले, "टेक्याशिवाय बसला की नाही? आणि मांडी आवळली की नाही? ज्याचं धड सावरतं आणि पायात एवढा जीव आहे, तो चालतो. ज्याला बसताच येत नाही, त्याची काळजी." तुम्ही त्याला कधी बसवूनच पाहिलं नाही. आडव्या माणसापुढे उभं राहून तो उठतो का ते बघत बसलात. बैलाला कुणी बाकावर बसवत नाही, म्हणून तुम्हाला सुचलं नाही.

म्हणजे तू त्याला माझ्या दारात उतरवलंस तेव्हापासून तो चालणारा होता. आणि पुंजारामचा करार होता, चालू लागला तर आमचा. मी तो करार ऐकला होता.

तू म्हणशील, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू काय बघितलंस ते सांगते. तू येणार त्या सकाळी मी बनुबाईकडची जुनी बाज मागून आणली. तिचं सुंभ इतकं ढिलं आहे की धडधाकट माणूस आत गेला तरी दोन्ही हात टेकल्याशिवाय बाहेर येत नाही. त्या खोड्यात त्याला घातलं, आणि चांगला हात भिंतीकडे ठेवला. एरवी तो फरशीवर सतरंजीवर निजतो आणि सकाळी आपला आपण उठून बसतो. त्या दिवशी तो उठायला बघत होता, चांगुणा. जीव तोडून बघत होता. तू त्याच्या तोंडाकडे पाहत होतीस. पांघरुणाखाली उजवा गुडघा वर येत होता, तो मला दिसला. त्याने तुला शिकवलं नव्हतं का, की बसलेल्या बैलाच्या तोंडाकडे बघू नये, मागच्या पायांकडे बघावं?

मला पश्चात्ताप नाही. बाजारात मला हाकललं तेव्हा तू गाडीत बसलेली होतीस. तोंडाला पदर लावून हसत होतीस. तू विसरली असशील.

आता तुला वाटत असेल, जिंकली तर गप्प का बसत नाही? गप्प बसून जिंकायला मला आवडत नाही. आणि दुसरं, हे कुणाला तरी सांगायचंच होतं मला. शाळा सुटली की मी त्याला शाळेच्या ओसरीवर न्यायची. खिडक्यांच्या गजांना धरून तो एकेक पाऊल आडवं टाकायचा. सुरुवातीला उजवं पाऊल घसटत यायचं, मी माझ्या पायाने ते पुढे सारायची. मग एक दिवस त्याने गज सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार दिला. इतक्या वर्षांत माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता गं. मी घामाने भिजले होते आणि मला वाटत होतं, ओसरी संपू नये.

किती हट्टाने चालायचा! पडला तरी पुन्हा. मी दमले म्हटलं तर रागवायचा. ओठ फुटेपर्यंत दात आवळायचा. मी मनात म्हणायची, हा माझ्यासाठी करतोय. हाकलल्याची भरपाई करतोय.

तुझ्या काडीमोडाचं त्याला सांगितलेलं नाही. उपरणं खुंटीवर नाही म्हणून एकदा बोट दाखवून विचारलं. मी म्हटलं, धुवायला टाकलंय.

सुखाने नांद.

रतन


नेवासा,
२२ जून १९७२

चांगुणा,

पुंजाराम, हे पत्र काकासाहेबांच्या घरी नेऊन वाचू नकोस. तिला तुझ्याकडे बोलाव. अर्थात, हे पोचेल तेव्हा तिला बोलवायचं कारण तुझ्या ओट्यावर येऊन बसलेलं असेल, किंवा येऊन गेलेलं असेल.

मागच्या पत्राला तू उत्तर पाठवलंस, 'आक्का, तुमी असं करायला नको हुतं, चांगी जेवत न्हाई.' मी ते वाचून फाडलं. जेवेल, म्हटलं. मीही जेवले होते.

आजची गोष्ट सांगते. पावसाचं नाव नाही, शाळेत पोरं निम्मी, सगळ्यांचे आईबाप खडी फोडायला. मी लवकर घरी आले. तो दारात उभा होता, चपला घालून. काठी भिंतीला टेकवलेली. हल्ली घराच्या आसपास काठीशिवाय फिरतो. मी विचारलं, "कुठं निघाला?"

त्याला आता पाचसहा शब्द येतात. पाणी, भाकर, चल, नको, असे. तो म्हणाला, "घरी."

मी म्हटलं, "हेच घर आहे."

त्याने मान हलवली. पुन्हा म्हणाला, "घरी." मग तोंड वाकडं करून, गळ्याच्या शिरा ताणून, कितीतरी वेळ धडपडून एक शब्द काढला.

"चांगी."

नऊ महिने मी त्याची घाण काढली. एकेका शब्दासाठी त्याच्यापुढे पाटी धरून बसले. 'र' म्हण, 'रतन' म्हण. नाही म्हणाला कधी. आणि तुझं नाव त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या पोटात आपलं आपण तयार होत होतं.

तेव्हा मला कळलं तो कुणासाठी ते गज धरत होता. गुळाच्या पोळीपर्यंत त्याला पोचता आलं नाही, त्या दिवसापासून तो तुझ्याकडेच चालत होता. माझा खांदा फक्त मध्ये होता. मी मूर्ख, मी त्याला चालायला शिकवत होते.

मी तिथेच उंबऱ्यात बसले. तो वाट बघत उभा राहिला. रागावला नाही, घाई केली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, डावा. मला तो हात झटकावासा वाटला आणि मी झटकला नाही.

मी सांगू शकले असते. एक वाक्य होतं. चांगुणाने काडी मोडली, तिचा पाट लागला, ती काकासाहेबांच्या घरात आहे. हे ऐकून तो खाली बसला असता आणि पुन्हा उठला नसता, हे सांगायला मला नगरचा डॉक्टर नको. मग तो माझाच होता. जन्मभर. सतरंजीवर. मी बराच वेळ विचार केला, चांगुणा. तोंड उघडलंसुद्धा. पण तसा पडलेला माणूस तुम्ही मला एकदा दिलेला आहे. पुन्हा तोच पदरात घ्यायचा म्हटल्यावर मला किळस आली, त्याची नव्हे, माझी.

आणि एवढं वाचून मला देवी समजू नकोस. दुसरंही होतं मनात. बारा वर्षांपूर्वी बाजारात माझं तोंड जसं झालं होतं, तसं त्याचं झालेलं मला हवं होतं. तुझ्या कपाळावर दुसऱ्याचं कुंकू बघून होईल. ते बघायला मी तिथे नसेन, एवढीच हळहळ आहे.

मग मी उठले. त्याला न्हाव्याकडे नेलं, दाढी करवली. धुतलेलं धोतर नेसवलं. ती माहेरी आहे, देवळालीला, एवढंच सांगितलं. तो हसला. तू हिरवं नेसून आली होतीस तेव्हा हसला होता, तसा. गावाचं नाव कागदावर लिहून खिशात घातलं, कंडक्टरला दाखवायला. श्रीरामपूरला गाडी बदलावी लागेल, तिथे गर्दी असते, पण तो सांभाळेल. पायरी चढताना आधी चांगला पाय टाकायचा, उतरताना आधी वाईट, हे त्याला पाठ आहे.

तर पुंजाराम, आता तुझी बारी. तू म्हणाला होतास, चालू लागलं तर आमी न्यायला येऊ. तुला गाडी जुंपावी लागली नाही, तो आपल्या पायांनी तुझ्या दारात येतो आहे. तुमचा आहे, घ्या. त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. काडी मी मोडली नाही. मी उपरणं दिलं होतं, हे सांगितलंत तरी चालेल. आणि सांगून झालं की लगेच उठवून परत पाठवू नका. पाणी द्या. सरळ पाठीच्या कशावर तरी बसवा, बाजेवर नको.

परत आला तर मी दार उघडीन की नाही, मला माहीत नाही. आज तरी नाही माहीत.

स्टँडपर्यंत मी त्याच्या मागे दहाएक पावलं ठेवून चालले. बरोबर चालू दिलं नाही त्याने, हाताने मागे सारलं. भर रस्त्यातून, लोक बघत असताना, एकटा चालत गेला. बनुबाई दारातून म्हणाली, "बाई, देवानं हात दिला वो तुमाला." गाडी लागली होती. त्याने दांडी धरली, चांगला पाय वर टाकला, वाईट ओढून घेतला आणि आत गेला. खिडकीशी बसला, पुढे बघत.

मागे वळून पाहिलं नाही त्याने. वळताना तोल जातो, जपा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्यामुळेच पाहिलं नसेल.

रतन